इंग्रजीचे 50 गुण घालवायचे कसे?

2023 च्या तलाठी भरतीत शंभर प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते, दरेकी 2 गुण. म्हणजे 200 पैकी 50. आता एवढे गुण घालवायचे म्हणजे मेहनत लागते बरं का, वरून निगेटिव्ह मार्किंगचा आधारसुद्धा नव्हता.

सुरुवात 'अतिसंभाव्य 5000 शब्द' या पीडीएफने करा. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात झेरॉक्स काढून स्पायरल मारा. अबॅंडन, अबेट, अबॉलिश असं घोकत चला, वाक्यातला वापर बघू नका. 'बी' अक्षर यायच्या आत भरतीची जाहिरात निघते आणि पुन्हा अबॅंडन.

'सीनियर दॅन', 'प्रिफर दॅन' बिनधास्त टिक करा. तिथं 'टू' लागतो हे ज्याला माहीत आहे त्याला मेरिटमध्ये जाऊ द्या.

व्हॉइसच्या (ॲक्टिव्ह-पॅसिव्हच्या) प्रश्नात 'बाय' दिसला की तोच पर्याय टिक करा. काळ कोण बघतंय?

आणि मुख्य म्हणजे टेस्ट सिरीज लावा, 49 रुपयेवाली. तिची उत्तरतालिका ही ब्रह्मवाक्य समजा. या आठवड्याच्या सराव पेपरात 'नो सूनर' पुढे काय, असा प्रश्न होता. तालिका म्हणते 'व्हेन'. स्पष्टीकरण: 'नियमानुसार'. कोणत्या नियमानुसार हो? सूनर हे तुलनेचं रूप आहे, त्याच्या जोडीला दॅनच येतो. व्हेन लागतो हार्डली आणि स्कर्सलीला. पुढच्याच प्रश्नात 'नो सूनर डिड ही रीच्ड' बरोबर धरलंय. अरे, भूतकाळ 'डिड'ने दाखवून झाला, आता 'रीच' मूळ रूपातच राहणार! 'वन ऑफ द बॉईज'ला 'आर' लावलाय. मधले तीन शब्द बोटाने झाका, कर्ता 'वन' उरतो, त्याला 'इज'. आठवीच्या पोराला कळतं हे. सिरीजच्या ग्रुपवर कुणी विचारलं तर 'तालिका अंतिम आहे' आणि विचारणारा रिमूव्ह. राज्य लोकसेवा आयोगसुद्धा (एमपीएससी) आधी पहिली तालिका टाकतो, हरकती मागवतो, मग अंतिम काढतो. सिरीजवाल्यांनो, तुम्ही आयोगाच्याही वर गेलात काय?

गेवराई-जिंतूरचं पोरगं सोयाबीनच्या पैशातून रूमचं भाडं अन् मेस भागवतं आणि तुमची ही घाण लाल पेनने वहीत उतरवून पाठ करतं. परीक्षेत तेच 'व्हेन' टिक करणार, आणि खात्रीने करणार. पेपर तपासायला एक माणूस बसवता येत नसेल तर धंदा बंद करा.

आणि तुम्हीही, पोरांनो! आयोगाचे जुने पेपर अंतिम तालिकेसह संकेतस्थळावर फुकट पडलेत, त्यांना हात लावत नाही. चुकलेला प्रश्न नियमासकट वहीत लिहीत नाही, तीन दिवसांनी झाकून पुन्हा सोडवत नाही. उत्तर पटलं नाही तर व्याकरणाचं पुस्तक उघडा, ग्रुपवर 'ओके सर' कशाला लिहिता? आधी ते 49 रुपये परत मागा.