भिंतीचा भाव

मुलगा दहावीत गेला आणि नवऱ्याचं ऑफिस कायमचं घरी आलं, तेव्हा हॉलमध्ये जिप्समचं पार्टिशन घालायचं ठरलं. 12 फूट लांब, 10 फूट उंच, एका टोकाला दार. विटा नकोत, सिमेंट नको, पाणी मारायला नको. मला वाटलं, फोनवर भाव विचारू, बाराला दहाने गुणू, संपलं.

पण फोनवर भाव सांगणारा कंत्राटदार अजून जन्माला यायचाय. "साइट बघावी लागेल, ताई." अरे, जिथे भिंत नाहीच तिथे बघणार काय? तरी येतात. आधी तासभर 'निघालोय' म्हणतात, मग येतात, आणि छताकडे बघून "च्च" करतात. त्या एका 'च्च'मागे हजारभर रुपये तरी वाढत असावेत.

पहिल्याने स्क्वेअर फुटाला 65 रुपये सांगितले, दुसऱ्याने 130. दुसऱ्याला दुसरा कप चहा मी विचारलाच नाही. रात्री हे कागद घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला: पहिला भिंतीच्या दोन्ही बाजू मोजतो, दुसरा एकच. 240 गुणिले 65 करा नाहीतर 120 गुणिले 130, येतात 15,600च.

तिसरा म्हणाला, "मटेरियल तुमचं, मी फक्त मजुरी घेतो." आणि यादी दिली. जीआय चॅनेल, म्हणजे सांगाड्याच्या पत्र्याच्या पट्ट्या, दर दोन फुटांवर स्टड, म्हणजे उभी पट्टी, स्क्रू, जॉइंटची टेप, सांधे भरायचं कंपाउंड, आणि सहा बाय चार फुटांचे जिप्समचे 13 बोर्ड. एक बोर्ड 24 स्क्वेअर फुटांचा, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून 10 पुरतात. हे गणित आमच्या चिरंजीवांनीही बरोबर सोडवलं. "वेस्टेज असतं, ताई." बरं, दाराची जागा तरी वजा करा? "दार म्हणजे उलट काम वाढतं, चौकट बसवावी लागते." थोडक्यात, जिथे भिंत नाही तिथलेही पैसे भिंतीचेच.

खरी मजा कोटेशनच्या तळाशी, बारीक अक्षरांत असते. पुट्टी, प्रायमर, रंग यात नाही. राडारोडा उचलणं यात नाही. सोसायटी हे जिप्समचे बोर्ड लिफ्टने नेऊ देत नाही, त्यामुळे मजल्यामागे हमाली, तीही यात नाही. बिल हवं असेल तर 18 टक्के जीएसटी वेगळा. हे वाक्य मात्र तिघांनीही आवाज उतरवून म्हटलं.

दुसऱ्याने जाता जाता विचारलं, "या भिंतीवर टीव्ही लावणार का? बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा असतो, वजन धरत नाही. आताच सांगा, आत प्लाय घालतो." आणि आवाज? "मधे रॉकवूल भरू, आवाज अडवणारी दगडी लोकर." सासूबाईंची मालिका एकीकडे आणि ह्यांची मीटिंग दुसरीकडे, म्हणून रॉकवूलला मी घासाघीस न करता हो म्हटलं. काम त्यालाच दिलं. टीव्ही खाली पडायच्या आधी सांगणारा तो एकटाच होता.

भिंत उभी राहिल्यावर सासूबाईंनी टिचकी मारून पाहिली. "डबा वाजतोय गं. एवढ्यात विटांची झाली असती."

चिरंजीवांना वेगळीच काळजी. "आई, दाराला आतून कडी कुठंय?"

कडी कोटेशनमध्ये नव्हती. आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी मी कंत्राटदाराला फोन केला नाही.