भरतीची रेघ दिसत नाही का?

पाठीवर बोजा लादून चालत गाठायचा किनारा. ना नळ, ना संडास, ना दिवा. एवढी तंगडतोड करून लोक तंबू ठोकतात कुठे, तर थेट ओल्या वाळूत! अरे, वाळक्या शेवाळाची, काटक्यांची ती रेघ समुद्राने काय शोभेला आखलीय? ओहोटीनंतर साधारण सहा तासांत पाणी परत येतं. अमावास्या-पौर्णिमेला तर आणखी वर चढतं. सांगायला जावं तर ‘काही होत नाही हो!’ मग मध्यरात्री बॅटऱ्यांची पळापळ, चिंब स्लीपिंग बॅगा आणि ‘जरा तुमच्या तंबूत जागा होईल का?’ (सुट्ट्या वाळूत बारक्या खुंट्या टिकत नाहीत, वाळू भरलेली पिशवी पुरून दोर बांधावा लागतो, हे तर सोडाच.) दर वेळी हेच. आमचा तंबू दोघांपुरताच असतो हो!