स्लॅम आणि 33 पॉइंट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी ब्रिजच्या एका डावात जोडीचे मिळून 26 पॉइंट असताना इस्पिकचा स्लॅम (तेरापैकी बारा हात करण्याची बोली) बोलल्याचं कौतुकानं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, 33 नसताना स्लॅम म्हणजे जुगार, आणि नवे खेळाडू हे वाचून हातातला गेम (चार इस्पिकसारखी, बोनस देणारी खालची बोली) घालवतील. नवशिक्यांची काळजी मलाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

33 हा आकडा आला कुठून? एक्क्याचे 4, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1 असे धरले की डावात एकूण पॉइंट 40. आपल्याकडे 33 असले की समोरच्यांकडे उरतात 7, आणि दोन एक्क्यांचे होतात 8. म्हणजे दोन एक्के बाहेर असूच शकत नाहीत. नो ट्रंपमध्ये (हुकूम नसलेल्या बोलीत), दोन्हीकडचे पत्ते सपाट, म्हणजे चारही रंगांत साधारण सारखे वाटलेले असताना, हा हिशेब मीही पाळतो. पण एकाच रंगाचा एक्का नि राजा मिळून 7च होतात, आणि मग 33 असूनही पहिले दोन हात जाऊ शकतात.

हुकमाचा रंग जुळला की गोष्ट बदलते. त्या डावात माझ्याकडे एक्का-राजा-दश्शी धरून पाच इस्पिकं होती, बदामची राजा धरून दोन पानं, चौकटची एक्का धरून तीन, आणि किलवरची तीन फुटकळ पानं. पार्टनरनं माझ्या एक इस्पिकवर थेट चार किलवर म्हटलं. हा स्प्लिंटर: चार इस्पिकं आहेत, किलवरचं फार तर एक पान आहे. त्याच्याकडे इस्पिकची राणी-गुलाम, बदामचा एक्का आणि चौकटचे राजा-राणी होते. माझे 14, त्याचे 12. आता हात मोजा. किलवरचा एक गेला, उरलेली दोन किलवर डमीत (पार्टनरच्या उघड्या पानांत) इस्पिकच्या राणी-गुलामानं मारली, माझी पाच इस्पिकं, बदामचे दोन, चौकटचे तीन. झाले बारा. हुकूम 3-1 फुटले तरी शेवटचं पान माझी दश्शी काढते.

आता माझा बदामचा राजा आणि चौकटचा एक्का काढा, त्याऐवजी बदामची राणी आणि किलवरचे राजा-राणी द्या. पॉइंट तेच 14, बेरीज तीच 26. पण दोन एक्के बाहेर, आणि किलवरचे माझे पाच पॉइंट पार्टनरच्या एकट्या पानासमोर जवळजवळ वाया. तेव्हा मी मुकाट्यानं चार इस्पिकवर थांबलो असतो. हा फरक पॉइंटांच्या बेरजेत कुठेच दिसत नाही. तो दिसतो पार्टनरच्या एका बोलीत.

गेम घालवण्याबद्दल. व्हल्नरेबल असताना (म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही जास्त असतात तेव्हा) सहा इस्पिक, म्हणजे स्लॅम, झाले तर 1430, चारवर थांबून बारा हात केले तर 680. फायदा 750. स्लॅम एका हातानं पडला तर गेमचे 650 गेले, वर 100 दंड. तोटाही 750. म्हणजे निम्म्याहून जास्त शक्यता असली की बोलायचं. ग्रँड स्लॅमबाबत (तेराही हातांची, सातची बोली) मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे: तिथे 750 मिळवायला आपण दीड हजारांहून जास्त पणाला लावतो, त्यामुळे दोन तृतीयांश तरी खात्री हवी. केवळ एका फिनेसवर (समोरचं मोठं पान अमुक एकाकडेच असेल या आशेवर) सात कधीच बोलू नये.

एक चूक मात्र माझी. स्प्लिंटर पार्टनरशी आधी ठरलेला असावा लागतो, हे मी लिहिलंच नव्हतं. न ठरवता कुणी चार किलवर म्हटलं आणि पार्टनरला ती खरीखुरी किलवर वाटली, तर घोटाळा ठरलेला. लेखात ती ओळ आज घातली आहे.