चौथ्या मुलीचा क्रमांक

शाळेच्या फलकावर क्रॉस कंट्रीचा, म्हणजे माळरानावरून चढउतारांत लांब पळण्याच्या शर्यतीचा, निकाल लिहिताना बहुतेक ठिकाणी पहिल्या आलेल्या मुलाचे किंवा मुलीचे एकच नाव लिहिले जाते. संघाचा निकाल लिहिलाच, तर 'सांघिक तृतीय' एवढ्यावर भागते. त्या संघात कोण कोण होते हे आठवडाभराने कोणालाही सांगता येत नाही. माझी मुलगी साताऱ्यातल्या एका शाळेच्या संघात पळते आणि संघात ती सहसा चौथी असते, तेव्हा या लिहिण्यात माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकते. तरीही माझे म्हणणे असे आहे की क्रॉस कंट्री हा सांघिक खेळ असताना आपल्या शाळा त्याला एका चपळ मुलाची शर्यत समजतात, आणि त्यामुळे ज्यांना या खेळाचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, ती साधारण वेगाची मुले त्यापासून दूर राहतात.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे गणित. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत एका संघातून सहा जण पळतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक मोजले जातात. चारही क्रमांकांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी. समजा, एका शाळेच्या मुली पहिल्या, बाराव्या, विसाव्या आणि एकतिसाव्या आल्या, तर बेरीज होते 64. दुसऱ्या शाळेच्या मुली सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि तेराव्या आल्या, तर बेरीज फक्त 37. या दुसऱ्या शाळेची एकही मुलगी पहिल्या पाचांत नाही, तरी चषक तिचाच. शिवाय जिचा क्रमांक मोजला जात नाही अशा पाचव्या मुलीनेही समोरच्या शाळेच्या चौथीला गाठून मागे टाकले, की त्या शाळेची बेरीज एकाने वाढते. म्हणजे पंचविसाव्या आणि सव्विसाव्या क्रमांकासाठी शेवटच्या दोनशे मीटरवर चाललेली झटापट ही खरी लढत असते, आणि नेमक्या त्या वेळी आपले शिक्षक, पालक आणि फोटो काढणारे पहिल्या आलेल्या मुलीभोवती गोळा झालेले असतात.

1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमधली क्रॉस कंट्री भयंकर उन्हात झाली. 38 जण पळायला उभे राहिले आणि त्यांतल्या 15 जणांनाच शर्यत पूर्ण करता आली. फिनलंडचा पाव्हो नुर्मी पहिला आला, हे धावण्याची आवड असलेल्या पुष्कळांना ठाऊक असते. पण तिथे संघातल्या तिघांचे क्रमांक मोजले जात होते. नुर्मी पहिला आणि रिटोला दुसरा आल्यावरही फिनलंडचे सांघिक सुवर्ण तिसऱ्या खेळाडूवाचून मिळणार नव्हते. तो तिसरा म्हणजे लीमाताइनेन, बारावा आलेला. त्याने वाटेत अंग टाकले असते, तर फिनलंडचा संघच पुरा झाला नसता. त्या शर्यतीनंतर क्रॉस कंट्री ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली.

आता आपल्याकडचा प्रकार पाहा. स्पर्धेचे पत्रक शाळेत येते, प्रवेशिका भरायची मुदत दोन दिवसांवर असते, मग खो-खोच्या संघातल्या दोघी, शंभर मीटरला पळणारी एक आणि 'चल गं, नावाला उभी राहा' म्हणून घेतलेल्या उरलेल्या, असा संघ तयार होतो. शंभर मीटरची मुलगी पहिल्या चढालाच बरगडीखाली हात धरून चालू लागते, आणि त्यात तिचा काही दोष नसतो. लांब पळण्यासाठी लागणारा दम आठवड्यात येत नाही. त्याला महिनेच द्यावे लागतात. हे महिने बहुतांशी सावकाश पळण्यात, शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने, घालवायचे असतात, ही गोष्ट दररोज घड्याळ लावून मुलांना पिळून काढणाऱ्यांच्या पचनी पडत नाही. माझ्या मुलीच्या सरांचा एक नियम मला फार आवडतो: पुढे गेलेल्या दोघींनी वळून मागे यायचे आणि शेवटच्या मुलीला सोबत घेऊन परत वर चढायचे. पुढच्या दोघींचे पळणे वाढते आणि शेवटची एकटी पडत नाही.

पळायला जागा नाही, ही सबब निदान साताऱ्यात तरी कोणी सांगू नये. या खेळाला कृत्रिम ट्रॅक लागत नाही. दीड ते दोन किलोमीटरचा, चढउताराचा, शक्यतो गवताचा आणि मातीचा एक फेरा आखता आला की काम होते; खोल खड्डे आणि जीवघेणे उतार टाळावेत, एवढेच नियमांना अपेक्षित आहे. 'चार भिंती' या ठिकाणापासून अजिंक्यतारा किल्ल्याच्या अंगाखांद्यावर, कुरणेश्वराच्या बाजूला, यवतेश्वरच्या घाटाखाली असे फेरे जागोजागी सापडतील. सप्टेंबरमध्ये भुरभुर पाऊस असला की बुटाच्या तळाला मातीचा असा थर चढतो की पाय दुप्पट जड होतो. मुली थांबतात, काटकीने तळ खरवडतात आणि पुन्हा पळू लागतात. त्या मातीत पळालेल्या मुलीला पुढे सपाट रस्ता हलका वाटतो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळण्याच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. तिचे नाव आपण कौतुकाने घेतो आणि ते घ्यावेच. पण दुसरी ललिता कधी सापडेल याची वाट पाहणे आणि शाळेत संघ उभा करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

पहाटे या मुली रस्त्याने पळताना दिसल्या की दुधाच्या किटल्या घेऊन निघालेले एखादे आजोबा हमखास विचारतात, "काय गं पोरींनो, भरतीला का?" त्यांचे काही चुकत नाही. आपल्या जिल्ह्यात लष्कराची परंपरा मोठी आहे, आणि पोलीस भरतीत मुलांना सोळाशे व मुलींना आठशे मीटर पळावे लागते. त्या धावण्याचे गुण नोकरी मिळवून देतात, म्हणून घरचेही पळायला आडकाठी करत नाहीत. मात्र भरतीच्या मैदानावर शेजारी पळणारा स्पर्धकच असतो. शिवाय भरतीपुरते पळणारी मुले निवड झाली किंवा वय उलटले की बूट माळ्यावर टाकतात, असे मी आजूबाजूला पाहते. संघात पळालेल्या मुलीला मात्र आपल्या तेविसाव्या क्रमांकावर कोणाचा तरी चषक अवलंबून असतो याचा अनुभव मिळतो, आणि जी कधीच पहिली येणार नाही, तिला हा अनुभव देणारे खेळ फार थोडे आहेत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती पालकसभेत कोणी बोलत नाही. वाढीच्या वयात, पाळी सुरू झालेली असताना आणि सराव वाढलेला असताना शरीरातले लोह कमी पडले, तर रक्तातून प्राणवायू कमी पोहोचतो आणि चांगली पळणारी मुलगी अचानक मागे पडू लागते. अशा वेळी 'आळशी झाली' असा शेरा मारण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि सकाळी उपाशीपोटी पळवून तशीच वर्गात बसवण्याची पद्धत बंद करावी. शेंगदाणे-गुळाची मूठभर सोय कोणत्याही शाळेला परवडते.

मुख्याध्यापकांकडे माझे मागणे फार मोठे नाही. जूनमध्ये शाळा उघडताच संघाची नावे ठरवावीत, वेग न पाहता नियमित येणाऱ्या मुलांना त्यात घ्यावे, स्पर्धेच्या दिवशी एका शिक्षकाला शेवटच्या वळणावर उभे करावे, आणि फलकावर सहाही नावे त्यांच्या क्रमांकांसह लिहावीत. आमच्या शाळेत मी हे लेखी दिले आहे. इतर पालकांनीही आपापल्या शाळेत द्यावे. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.