ट्यूब निघण्याआधीच चित्रकार उन्हात बसले होते

‘१८४१ साली रंगाची ट्यूब निघाली, म्हणून चित्रकार स्टुडिओबाहेर पडले आणि इम्प्रेशनिझम जन्मला. तोवर फ्रेंच चित्रकार खोलीत बसून मनातले डोंगर रंगवत, कारण अकादमीला निसर्गाचं वावडं होतं.’ ही पोस्ट अधूनमधून फिरत असते. इम्प्रेशनिझम म्हणजे बदलत्या उजेडाचा क्षणिक ठसा टिपणारी फ्रेंच चित्रशैली. पोस्टमधलं ट्यूबचं साल तेवढं बरोबर आहे.

आधी ‘खोलीत बसून’चं पाहू. सप्टेंबर १८२६. तिशीतला फ्रेंच चित्रकार कामीय कोरो इटलीत नार्नीला नेरा नदीकाठी बसून ऑगस्टसच्या काळातल्या पडक्या रोमन पुलाचं चित्र करतोय. तैलरंग आहेत, पण कागदावर. कागद नंतर कॅनव्हासवर चिकटवला. चित्र जेमतेम ३४ बाय ४८ सेंटिमीटरचं. समोरच्या उतारावर मातीचे रुंद फटकारे, पाण्यावर आभाळाचा फिकट निळा, तपशील जवळजवळ नाहीच. हे आज लूव्रमध्ये आहे. तेव्हा ट्यूब निघायला पंधरा वर्षं अवकाश होता आणि इम्प्रेशनिस्टांचा म्होरक्या मोने जन्मलाही नव्हता.

मग रंग नेत कसे? डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून. टोचून रंग काढायचा, भोक बंद करायचं. कटकटीचं काम, पण अडत नव्हतं. जॉन गॉफ रँडच्या ट्यूबमुळे रंग जास्त टिकू लागला, नेणं सोपं झालं, हे खरंच. सोय झाली एवढंच. बाहेर जायची कल्पना जुनीच होती.

अकादमीचं, म्हणजे फ्रान्सच्या अधिकृत कलासंस्थेचं म्हणाल, तर तिथे निसर्गचित्राचा मान ऐतिहासिक चित्रापेक्षा कमी होता. पण १८१७ पासून ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी, म्हणजे इतिहास-पुराणातला प्रसंग असलेल्या निसर्गचित्रासाठी, रोमचं (रोममध्ये शिकायला पाठवणारं) वेगळं पारितोषिक होतं. पहिलं मिळालं मिशालोंला, जो पुढे कोरोचा गुरू झाला. निसर्गचित्रकार व्हालाँसिएनने तर १८०० सालच्या ग्रंथात बजावलं होतं, की बाहेरचा अभ्यास दोन तासांत उरका, सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात, कारण उजेड थांबत नाही.

खरा फरक पोस्टमध्ये आलाच नाही. नार्नीचा तो कागद कोरोने प्रदर्शनाला पाठवला नाही. स्टुडिओत त्याने लांबी-रुंदीने दुप्पट कॅनव्हास केला, त्यात मेंढपाळ आणि छत्रीसारखे पाइन घातले, आणि तो १८२७ च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात लावला. हे चित्र कॅनडात ओटावाला आहे. मला विचाराल तर ते जरा बेतलेलं वाटतं. बाहेरचं काम म्हणजे तयारी, चित्र ते आतलं, अशी वाटणी होती.

ही वाटणी मोडायलाही इम्प्रेशनिस्ट लागले नाहीत. चित्रकार दोबिन्यी १८५७ पासून होडीचाच स्टुडिओ करून नदीवर हिंडत होता. तपशील सोडून नुसत्या ठशावर (‘इम्प्रेशन’वर) समाधान मानतो, म्हणून १८६१ मध्ये समीक्षक गोतिएने त्याला झोडपलं. १८७० साली सलोनने मोनेला नाकारलं, तेव्हा निषेध म्हणून परीक्षकपद सोडणाऱ्यांत हाच दोबिन्यी होता.