बाळंतिणीला तिच्या नावाने कोण हाक मारते?

गेल्या महिन्यात ‘बर्थकेअर सेंटर’ ही कोरियन मालिका पाहिली. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ती दक्षिण कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर दाखवली गेली होती. अवघे आठ भाग आहेत, पण माझ्या मुलीच्या जन्माला अकरा वर्षे उलटून गेल्यावरही त्यातली काही दृश्ये मला सलग पाहता आली नाहीत, मध्येच थांबून पाणी प्यावे लागले. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कोरियात बाळंतपणानंतर रुग्णालयातून थेट घरी न जाता ‘सानहुजोरिवॉन’ नावाच्या केंद्रात साधारण दोन आठवडे राहण्याची पद्धत आहे. पूर्वी तिथेही बाळंतीण एकवीस दिवस घरातच असे, सासू किंवा आई तिला समुद्री शेवाळाचे गरम सूप करून घाली आणि परक्या माणसाने आत येऊ नये म्हणून दाराला गवताची दोरी बांधली जाई. कुटुंबे लहान झाली, आया स्वतःच नोकरी करू लागल्या आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून घरातले हे काम अशा केंद्रांनी उचलले. आज तिथल्या बहुसंख्य बाळंतिणी या केंद्रांतून जातात आणि त्यासाठी सरासरी वीस लाखांहून अधिक वॉन मोजतात.

मालिकेची नायिका ओ ह्यून-जिन बेचाळीस वर्षांची आहे. कंपनीत ती सर्वांत तरुण वरिष्ठ अधिकारी ठरते, आणि या केंद्रात पाऊल ठेवते तेव्हा तिथली सर्वांत वयस्क बाळंतीण ठरते. उम जी-वॉन या अभिनेत्रीने ही भूमिका इतक्या मोकळेपणाने केली आहे की प्रसूतीच्या दृश्यात तिच्या चेहऱ्यावर कुठेही शोभिवंतपणा राहत नाही. आपल्या मालिकांत बाईला कळा येतात, ती दोनदा ओरडते, पाळण्याचे गाणे वाजते आणि पुढच्या प्रसंगात ती लिपस्टिक लावून बाळाकडे पाहत हसते. इथे टाके आहेत, घाम आहे, बसताना खाली घ्यावी लागणारी भोकाची गोल उशी आहे, आणि बाळ हातात आल्यावर ‘आता मला नेमके काय वाटायला हवे?’ असा प्रश्न पडलेली एक घाबरलेली बाई आहे.

मला मात्र सर्वांत जास्त लागली ती एक साधी गोष्ट. त्या केंद्रात कोणीही ह्यून-जिनला ह्यून-जिन म्हणत नाही. बाळ पोटात असताना कोरियन आईबाप त्याला एक लाडाचे तात्पुरते नाव ठेवतात. हिच्या बाळाचे नाव ‘त्ताकपुल’ आहे, म्हणजे कागद चिकटवायची ग्लू स्टिक. बाळाने पोटात घट्ट चिकटून राहावे, या इच्छेतून अशी नावे येतात. (आपल्याकडे पोर जगावे म्हणून दगडू, धोंडू ही नावे ठेवत, त्याची आठवण झाली.) केंद्रात ती ‘त्ताकपुलची आई’ होते आणि बाकीच्याही कोणा ना कोणाची आई. एकसारखे कपडे घातलेल्या या बायकांच्या खोलीतला फोन वाजतो, बाळ भुकेले आहे असा निरोप येतो, आणि त्या आपापल्या जखमा सावरत दूध पाजायच्या खोलीकडे चालू लागतात. कालपर्यंत शेकडो माणसांचे निर्णय घेणारी बाई त्या खोलीत सर्वांत कच्ची विद्यार्थिनी ठरते, कारण तिथे हुशारी एकाच मापाने मोजली जाते आणि ते माप म्हणजे दूध.

इथे मला माझी गोष्ट सांगावीच लागेल. माझे बाळंतपण माहेरी झाले. रुग्णालयात दुसऱ्या दिवशी दूध पुरेसे उतरले नाही, तेव्हा एका परिचारिकेने शेजारच्या खाटांवरच्या बायकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारले, “शिकलेल्या ना तुम्ही? एवढंही जमत नाही?” त्या वेळी माझ्या अंगावर नीट पांघरूणही नव्हते. घरी आल्यावर आईने अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, शेक-शेगडी, धुरी, यांतले काहीही कमी पडू दिले नाही. तिचे कष्ट मला आजही आठवतात. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येक आत्या-मावशीचा पहिला प्रश्न “दूध येतंय का गं?” हाच असे, आणि मी उत्तर देण्याआधीच त्या आईकडे पाहत. दर दुधाची वेळ मी एका वहीत लिहीत असे: किती वाजता, कोणत्या बाजूला, किती मिनिटे. ती वही अजून माझ्याकडे आहे. तेराव्या रात्रीच्या पानावर ‘3.10’ एवढेच लिहिलेले आहे आणि पुढची शाई पाण्याने पसरली आहे. भरल्या घरात, आई शेजारच्या खोलीत झोपलेली असताना मी रडत होते, आणि का रडते आहे हे मला सांगता येत नव्हते.

स्तनपानाचे महत्त्व मी नाकारत नाही. पहिला चीक बाळाला मिळावा, सहा महिने शक्यतो फक्त आईचे दूध असावे, हे डॉक्टर सांगतात ते योग्यच आहे. माझा आक्षेप दुधाला बाईच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र करण्याला आहे. मालिकेत लग्नाविषयी, पावडरच्या दुधाविषयी स्वतःची ठाम मते असलेली ली रू-दा नावाची एक तरुण आई येते आणि ‘आई सुखी असली तर बाळ सुखी’ असा विचार उघडपणे मांडते, तेव्हा केंद्रातल्या इतर बायका बिथरतात. त्या का बिथरतात, हे मालिकेने फार समजुतीने दाखवले आहे. ज्यांनी सोसून सोसून ती परीक्षा उत्तीर्ण केली, त्यांना ती परीक्षाच अनावश्यक होती असे कोणी म्हटलेले कसे सहन व्हावे? सगळ्यांची आदर्श मानली जाणारी जो उन-जंग, तीन मुलांची आई, तिच्या नीटनेटकेपणाआडचा एकटेपणा पार्क हा-सन या अभिनेत्रीने दाखवला आहे. ते पाहिल्यावर माझ्या ओळखीतल्या ‘सगळे जमणाऱ्या’ बायका मला एकेक करून आठवल्या.

‘आपल्याकडे माहेर असते, त्यामुळे हे परदेशी दुखणे आपल्याला नाही,’ असे म्हणणाऱ्यांना मी गोव्याकडे पाहायला सांगेन. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात प्रसूत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनंतर त्यांच्यातल्या 23 टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतरचे नैराश्य आढळले, म्हणजे जवळजवळ चौघींमध्ये एक. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले नाते आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे, ही त्यामागची काही कारणे होती. शेक-शेगडीने अंग सावरते. पण मुलगी झाली म्हणून ज्या घरात पेढ्यांऐवजी मुकाट्याने बर्फी वाटली जाते, त्या घरातल्या बाळंतिणीला लाडवांचे किती डबे पुरतील?

ज्या वर्षी ही मालिका आली, त्याच वर्षी दक्षिण कोरियात पहिल्यांदा जन्मांपेक्षा मृत्यू जास्त झाले आणि जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी होणाऱ्या मुलांचे प्रमाण, 0.84 वर आला. मालिका त्यावर एक शब्दही बोलत नाही, पण बाळ झाल्यावर नोकरीचे काय, या प्रश्नाशी झगडणारी ह्यून-जिन पाहिली की त्या आकड्यामागची बाई दिसते. आपल्याकडे 2017 पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते, ही मोठीच गोष्ट आहे, पण शेतात, बांधकामावर आणि घरकामावर जाणाऱ्या बहुतेक बायकांपर्यंत ती पोहोचतच नाही.

मालिकेत मला एक उणीव वाटली. ज्या बाईला ते केंद्र परवडत नाही, ती या आठ भागांत कुठेच नाही. तरीही ते केंद्र पाहताना मला हेवा वाटला, आणि तो तिथल्या मालिशचा किंवा जेवणाचा नव्हता. एकाच आठवड्यात बाळंत झालेल्या, एकसारख्या दुखणाऱ्या बायका तिथे एका खोलीत गोल करून बसतात आणि हळूहळू एकमेकींना खरे बोलू लागतात, त्याचा हेवा वाटला. माझ्या सव्वा महिन्यात माझ्या खोलीत आलेली प्रत्येक बाई माझ्याहून अनुभवी होती. माझ्याइतकीच गोंधळलेली एकही नव्हती.

मालिका संपल्यावर त्याच रविवारी मी मामेबहिणीकडे गेले. तिला मुलगा होऊन अठरा दिवस झाले होते. डोक्याला रुमाल, कानात कापूस, खोलीत धुरीचा वास. झबली-टोपडी मी पिशवीतच ठेवली, दार लोटले, तिला तिच्या नावाने हाक मारली आणि तिच्याजवळ बसून विचारले, “तुला काय हवंय?” ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “ताई, थोडा वेळ बाळाला घेशील का? मला नुसते केस धुवायचेत.” मी बाळाला घेऊन पडवीत बसले. मामी दोनदा दाराशी आली, मी तिला तिथेच थांबवले. आत चाळीस मिनिटे पाण्याचा आवाज येत होता.