आयपीए जपून ठेवणाऱ्यांसाठी

छंदवाल्या माणसांना एक खोड हमखास असते. वस्तू हौसेने जमवायची आणि वापरायची वेळ आली की हात आखडायचा. भारीतली वही कोरीच राहते, फाउंटन पेनची शाई बाटलीतच सुकते. क्राफ्ट बिअरवाले, म्हणजे छोट्या ब्रुअरींच्या (बिअर बनवणाऱ्यांच्या) बिअरचे शौकीन, तर यात चार पावलं पुढे. कुठून तरी खटपट करून मिळवलेला आयपीएचा (इंडिया पेल एल, भरपूर हॉप घातलेली बिअर) कॅन फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात महिनोन्महिने पडून असतो. का, तर "खास दिवशी उघडू."

अरे, पण ती तोवर थांबणार आहे का?

आयपीएची सगळी मजा हॉपच्या वासात. हॉप म्हणजे एका वेलीची फुलं. कडवटपणाही त्यांचाच आणि वासही, पण वास असतो त्यातल्या तेलांमुळे, आणि ही तेलं भलतीच नाजूक. १९७२ मध्ये अमेरिकेत कॅस्केड नावाचा हॉप बाजारात आला, ग्रेपफ्रूटसारख्या वासाचा. १९८० साली सुरू झालेल्या सिएरा नेवाडा या अमेरिकन ब्रुअरीने तो आपल्या पेल एल या फिकट रंगाच्या बिअरमध्ये सढळ हाताने घातला. आज क्राफ्ट बिअर म्हटलं की नाकाला जे आठवतं, त्याची सुरुवात बरीचशी तिथली. आणि नेमकं तेच आधी उडून जातं.

विश्वास नसेल तर एकाच आयपीएचे दोन कॅन घ्या, एक ताजा आणि एक बरेच महिने जुना, आणि शेजारी शेजारी ओता. ताज्यात ग्लास तोंडाजवळ यायच्या आधीच लिंबूवर्गी फळं, पाइन, कधी आंबा नाकात शिरतो. जुन्याचा रंग जरा काळवंडलेला. वास दबलेला. चवीत एक गुळमट गोडवा वर आलेला आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची झाक. हा सगळा ऑक्सिजनचा प्रताप. कॅन भरताना आत राहिलेला इवलासा ऑक्सिजनही पुरतो आणि बिअर उबेत ठेवली तर हे काम आणखी झपाट्याने होतं.

उजेडाचं तर विचारूच नका. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली उन्हात ठेवली की हॉपमधल्या कडू घटकांपासून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि काही मिनिटांतच बिअरला घाणेरडा वास मारायला लागतो. तपकिरी काच बरीच बरी, कॅन सगळ्यात उत्तम. (तरीही लोकांना कॅन 'स्वस्तातला' का वाटतो, देव जाणे.)

म्हणून माझं ऐकाल तर घेताना ब्रुअरीच्या नावाआधी कॅनच्या बुडाशी छापलेली भरल्याची तारीख बघा. साध्याशा ब्रुअरीची ताजी बिअर नावाजलेल्या ब्रुअरीच्या शिळ्या बिअरला सहज मागे टाकते. तारीखच सापडली नाही तर मी तरी कॅन परत ठेवून देतो.

ठेवण्यासारख्या बिअर आहेत की! जास्त अल्कोहोलची बार्लीवाइन, दणकट, काळी इम्पीरियल स्टाउट, बेल्जियमची आंबट ग्यूझ. ग्यूझमध्ये तर एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिक (हवेतल्या रानटी यीस्टने आंबवलेल्या) बिअर मिसळलेल्या असतात आणि बाटलीतही ती वर्षानुवर्षं बदलत जाते. त्या खुशाल अंधारात ठेवा आणि विसरून जा.

पण आयपीए? आज मंगळवार आहे, कुणाचा वाढदिवस नाही, काही नाही. उघडा.

आणि स्टाउटवाल्यांनो, कमेंटमध्ये भांडायला येण्याआधी वरचा परिच्छेद वाचा, तुमचं नाव घेतलंय.